लेहच्या पातळ हवेत ‘बाबा’

आमच्या धामापूरहून जवळच, परुळे-चिपीच्या सड्यावर २०२१ साली विमानतळ सुरू झाला. समुद्र शेजारीच, त्यामुळे हवा दाट आणि विमान चटकन वर जातं. पण जवळपास अकरा हजार फुटांवर, जिथे कधी विमान उतरलेलंच नाही, तिथे काय होईल? हे सर्वप्रथम करून दाखवलं एअर कमोडोर मेहर सिंग यांनी. सगळे त्यांना ‘बाबा’ म्हणत.

त्यांचा जन्म २० मार्च १९१५ चा, लायलपूरचा. क्रॅनवेलला शिकून १९३६ मध्ये ते हवाई दलात आले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी ६ नंबर स्क्वाड्रनची हरिकेन विमानं सांभाळली आणि १९४४ मध्ये डीएसओ मिळवला.

मे १९४८ मध्ये कारगिल हातचं गेलं. लेहमध्ये आपले मूठभर सैनिक उरले आणि रस्ता बंद! सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने सिंधूकाठी कच्ची धावपट्टी तयार केली होती. २४ मे रोजी बाबा जनरल थिमय्यांना घेऊन श्रीनगरहून डाकोटाने निघाले. केबिनमध्ये प्रेशरायझेशन नाही आणि खाली झोजी ला.

आता आपलं गणित बघा. लेहला हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७२ टक्के. तेवढीच लिफ्ट हवी तर वेग सुमारे १८ टक्के जास्त लागतो. धाव वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के लांब. त्यात पातळ हवेत प्रोपेलरचा जोर कमी. ऊन चढलं की घनता आणखी घटते. म्हणजे तिथे नुसतं उतरून भागत नाही, परत उडता येईल का याचा हिशोब आधीच करावा लागतो. बाबा उतरले आणि परतही आले! मग त्याच वाटेने गुरखा सैनिक विमानातून पोहोचले आणि लेह वाचलं.

बाबांना महावीर चक्र मिळालं, पण १९४८ मध्येच त्यांनी हवाई दल सोडलं. १६ मार्च १९५२ च्या रात्री जम्मूहून दिल्लीला येताना त्यांचं छोटं बोनान्झा विमान वादळात सापडून कोसळलं. सदतिसाव्या वाढदिवसाला चारच दिवस उरले होते.

म्हणून दोस्तांनो, पेपरात टेबलमधून डेन्सिटी उचलताना लेहची ती धावपट्टी जरूर आठवा. त्या एका आकड्यावर तेव्हा अख्खं गाव टांगलेलं होतं.