अंधाऱ्या सभागृहातली ठिणगी

बँकेच्या नोकरीत मला सर्वांत जास्त धाक वाटला तो डेडस्टॉक रजिस्टरचा. वर्षातून एकदा ते जाडजूड बाड काखोटीला मारून शाखेतली प्रत्येक खुर्ची, पंखा, कपाट नि टंकलेखन यंत्र मोजायचं. रजिस्टरात पंखे सात आणि छताला सहा, ही गत नेहमीचीच. सातवा पंखा चोरीला गेलेला नसे. तो माडीवरच्या अडगळीत फडक्याखाली निवांत पडलेला असे. वस्तू आहे, पण सापडत नाही, ही अवस्था वस्तू नसण्यापेक्षा जास्त छळते.

पंख्यापायी फार तर ऑडिटरचा शेरा येतो. पण काही वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू एका इस्पितळात अत्यवस्थ होते. रात्री अडीचच्या सुमारास औषध मोजून शरीरात सोडणारा एक पंप तातडीनं हवा होता. इस्पितळाकडे असे पंप पुष्कळ होते, त्या घटकेला हाताशी मात्र एकही नव्हता. सिस्टर बिचाऱ्या या वॉर्डातून त्या वॉर्डात धावत होत्या. पाऊण तासानं पंप सापडला, तो शेजारच्याच वॉर्डात, रिकाम्या पलंगाच्या मागे. दादा वाचले. तो पाऊण तास मात्र माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

पुढं वर्षभरानं दादांच्या तपासणीसाठी तिथंच गेलो, तेव्हा प्रत्येक पंपाला आगपेटीएवढी डबी चिकटवलेली दिसली. ही डबी ठरावीक वेळानं बारीकसा रेडिओ संदेश सोडते. छताला लावलेली यंत्रं तो टिपतात, आणि कोणत्या यंत्राला तो किती जोरात ऐकू आला यावरून संगणक डबीची जागा ठरवतो. मेट्रनबाईंनी कौतुकानं पडद्यावरचा नकाशा दाखवला. त्यात एक गंमत झाली. पडद्यावर जो पंप चौथ्या मजल्यावर दिसत होता, तो आमच्यासमोर तिसऱ्या मजल्यावर उभा होता. शेजारी लोखंडी कपाटं आहेत, त्यामुळे असं होतं, असं त्यांनी सांगितलं. मला एकदम हाइन्रिश हर्ट्झ आठवला.

हर्ट्झ हे नाव आमच्या पिढीला रेडिओमुळे तोंडपाठ. निवेदक किलोहर्ट्झ म्हणायचा तेव्हा हे कुणा माणसाचं नाव असेल, असं मनातही येत नसे. हा माणूस २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हॅम्बुर्ग शहरात जन्मला. वडील वकील, पुढे तिथले सिनेटर झाले. वडिलांचं घराणं मूळचं ज्यू. ते स्वतः लहानपणीच ख्रिस्ती झालेले. पाच भावंडांतला हाइन्रिश थोरला. इंजिनिअर व्हायचं म्हणून तो निघाला, पण १८७७ साली म्युनिकला आल्यावर त्याचं मन पालटलं. आपल्याला पूल बांधायचे नाहीत, निसर्गाचे नियम शोधायचे आहेत, हे त्यानं वडिलांना पत्रानं कळवलं आणि रीतसर परवानगी मागितली. ती मिळाली. घरच्या मर्जीखातर बँकेत चिकटलेल्या माझ्यासारख्याला या पत्राचा हेवा वाटतो.

बर्लिनला हेल्महोल्ट्झ या थोर गुरूच्या हाताखाली तो तयार झाला. १८८० साली डॉक्टरेट, १८८३ साली कीलला अध्यापन आणि १८८५ साली कार्ल्सरूऽच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापकी. पुढच्याच वर्षी तिथल्या एका सहकाऱ्याची मुलगी एलिझाबेथ डोल हिच्याशी त्याचं लग्न झालं.

मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञानं गणितानं असं मांडलं होतं, की विजेच्या आंदोलनांतून लहरी निघाव्यात आणि त्यांनी प्रकाशाच्या वेगानं धावावं. या लहरी कुणीही सिद्ध करून दाखवल्या नव्हत्या. १८८६ साली विद्यालयातल्या जुन्या तारेच्या वेटोळ्यांशी प्रयोग करताना हर्ट्झच्या ध्यानात आलं, की एका वेटोळ्यात ठिणगी उडाली की दुसऱ्यातही बारीकशी उडते. हा धागा त्यानं सोडला नाही.

त्याचं ग्रहणयंत्र म्हणजे तारेचं एक कडं. कडं एका जागी किंचित तुटलेलं आणि ती फट स्क्रूनं कमीजास्त करता येणारी. लहर आली की फटीत ठिणगी दिसे. मिलिमीटरच्या शतांशात मोजावी इतकी ती लहान, तेव्हा सभागृहात काळोख करायचा, डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि भिंगातून बघायचं. ठिणगी लांब उडाली तर तिथं लहरीचा जोर जास्त, आखूड उडाली तर कमी. इस्पितळाच्या छतावरचं यंत्र आज जे मोजतं, तेच हा माणूस १८८८ साली डोळ्यांनी मोजत होता.

जागा होती विद्यालयाचं व्याख्यानगृह. लांबी १५ मीटर, रुंदी १४, उंची ६. दोन्ही बाजूंना लोखंडी खांबांच्या रांगा होत्या आणि लहरींच्या दृष्टीनं ती रांग म्हणजे जणू भिंतच, त्यामुळे वापरण्याजोगी रुंदी उरली साडेआठ मीटर. लोंबणाऱ्या गॅसच्या नळ्या आणि झुंबरं त्यानं उतरवून ठेवली. समोरच्या भिंतीवर ४ मीटर उंच आणि २ मीटर रुंद असा जस्ताचा पत्रा ठोकला. लहर पत्र्यावर आपटून मागं फिरे आणि येणाऱ्या लहरीत मिसळे. कडं घेऊन पुढंमागं चालताना ठिणगी कुठं मोठी होई, कुठं विझे, पुन्हा मोठी होई. या चढउतारांच्या अंतरावरून त्यानं लहरीची लांबी काढली.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानं आखूड लहरी निर्माण केल्या, जस्ताच्या अंतर्गोल आरशांनी त्यांचा झोत केला आणि डांबराच्या भल्यामोठ्या लोलकातून तो वाकवून दाखवला. लाकडी दार बंद केलं तरी पलीकडच्या खोलीत ठिणगी उडतच राहिली. आणखी एक गोष्ट त्यानं नोंदवली आहे. सहायक झोताच्या वाटेत आला की ठिणगी विझे, बाजूला झाला की पुन्हा उडे. म्हणजे समोर माणूस उभा आहे, हे त्या अंधाऱ्या दालनात लहरी सांगत होत्या! हर्ट्झला त्यात एवढंच दिसलं, की लहर सरळ रेषेत जाते.

या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा भाग मात्र चुकीचा आहे. अर्ध्या लहरीची लांबी हवेत ४.८ मीटर भरली आणि तारेवर २.८. दोन्हीकडे वेग सारखा असेल तर हा आकडाही सारखा हवा. म्हणजे हवेत वेग जास्त, तारेत कमी, असा हिशेब निघाला, आणि मॅक्सवेलच्या सिद्धांताला ते मान्य होणारं नव्हतं. पुढं त्याला शंका आली ती दालनाचीच. इतक्या लांब लहरींना ते लहान पडत होतं. भिंती आणि जवळची लोखंडी शेगडी लहरी परतवून मापात खोट आणत असणार. ही शंका खरी ठरली. जिनिव्हाच्या साराझाँ आणि द ला रीव्ह यांनी कितीतरी मोठ्या दालनात, कितीतरी मोठा पत्रा लावून १८९३ साली दाखवून दिलं, की दोन्ही वेग सारखेच आहेत.

त्याआधीच, १८९२ साली, हर्ट्झनं आपले निबंध पुस्तकरूपानं काढले होते. चुका गुपचूप सुधारून घेणं सहज शक्य होतं. त्यानं निबंध जसेच्या तसे छापले आणि कुठं चुकलं ते वेगळ्या टिपांत लिहिलं. बँकेच्या खातेवहीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. हर्ट्झनं नेमकं तेच केलं.

आयुष्य त्याला फार लाभलं नाही. १८८९ साली तो बॉनला गेला. १८९२ पासून नाक, कान, जबड्याच्या दुखण्यानं त्याला जेरीला आणलं. शस्त्रक्रिया झाल्या, उतार पडला नाही. तशातही त्यानं यांत्रिकीवरचा ग्रंथ पुरा केला. १ जानेवारी १८९४ रोजी तो गेला, तेव्हा वय ३६. मागं पत्नी आणि दोन लहान मुली. नाझी राजवटीत या तिघींना जर्मनी सोडून इंग्लंड गाठावं लागलं, कारण आजोबांच्या घराण्याचा मूळ धर्म.

आपल्या लहरींचा व्यवहारात काही उपयोग होईल, असं हर्ट्झला वाटत नव्हतं. १८८९ साली एका इंजिनिअरनं त्याला या लहरींनी टेलिफोन चालेल का असं विचारलं, तर त्यासाठी खंडाएवढा आरसा लागेल, अशा अर्थाचं उत्तर त्यानं दिलं. तो गेल्यावर वर्षभराच्या आसपास, १८९५ साली, कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली. आणि २००० साली बहल आणि पद्मनाभन या दोघांनी अमेरिकेत एका कार्यालयाच्या मजल्यावर ७० ठिकाणी उभं राहून संदेशाचा जोर नोंदवला आणि त्या नोंदींशी पडताळून माणसाची जागा दोन-तीन मीटरच्या फरकानं ओळखून दाखवली. प्रत्येक ठिकाणी त्यांनी चारही दिशांना तोंड करून नोंदी घेतल्या, कारण माणसाचं अंग वाटेत आलं की जोर घटतो. हर्ट्झच्या सहायकाचीच गोष्ट! फरक एवढाच, की दालनाची जी लबाडी हर्ट्झला नडली, ती त्यांनी आधीच वहीत मांडून ठेवली.

परत निघताना पाहिलं, तर तशीच डबी वॉर्डबॉयच्या गळ्यातही होती. पंप सापडावा म्हणून डबी, हे मला शंभर टक्के पटतं. माणूस कुठं, किती वेळ उभा होता याची नोंद मात्र वेगळी. मी वर्षानुवर्षं हजेरीपटावर लाल शाईनं खुणा केल्या आहेत. खुणेमागचं कारण विचारायचं राहून गेलं, असे प्रसंगही माझ्या खात्यावर आहेत. तिसऱ्या मजल्यावरचा पंप चौथ्यावर दिसतो, तसा तिसऱ्यावर राबणारा माणूसही एखाद्या रात्री चौथ्यावर दिसेल. पंपाला खुलासा द्यावा लागत नाही, त्याला द्यावा लागेल.

त्या वेळी पडद्यासमोर बसलेल्या साहेबाला कार्ल्सरूऽच्या त्या दालनातली लोखंडी शेगडी आठवावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. आणि चूक यंत्राची निघाली, तर तिच्यावर रेघ मारून शेजारी सही करण्याइतका तो प्रामाणिक असावा.