हलत्या चित्रांचा पहिला वार्ताहर : सावेदादा

भारतीय चित्रपटाचे नाव निघाले की आपल्याला दादासाहेब फाळके यांचे स्मरण प्रथम होते, आणि ते योग्यच आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि या देशात कथापटाचे युग सुरू झाले. परंतु त्याच्याही जवळजवळ चौदा वर्षे आधी, याच मुंबईत, आणखी एका हरिश्चंद्राने हलती चित्रे टिपली होती. पुराणातील राजाची कथा त्याला सांगायची नव्हती. शहरात जे घडत होते, ते घडत असताना टिपून ठेवावे, एवढीच त्याची ओढ होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचे नाव. लोक त्यांना सावेदादा म्हणत. भारतातील पहिले वृत्तचित्रकार म्हणून इतिहासकार त्यांच्याकडे बोट दाखवितात. सर्वसामान्य मराठी घरात मात्र हे नाव आज क्वचितच घेतले जाते. त्यांच्या कार्याची थोडी ओळख करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

सावेदादांचा जन्म १८६८ सालचा. छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय आणि मुंबईत त्यांचा स्टुडिओ होता. त्या काळी छायाचित्र काढून घेणे हा घरातील एक लहानसा समारंभच असे. ठेवणीतले कपडे घालून, पगडी नीट बसवून गृहस्थ स्टुडिओत येत. मागे रंगविलेला पडदा, शेजारी कोरीव तिवई, वरून काचेतून येणारा मंद प्रकाश, आणि काचेच्या प्लेटवर प्रतिमा उमटेपर्यंत निश्चल राहण्याची सक्त ताकीद. म्हणजे तेथे सारे जग छायाचित्रकाराच्या सोयीने थांबत असे. सावेदादांचे वेगळेपण कळावयाचे असेल, तर ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

७ जुलै १८९६ हा दिवस त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा ठरला. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा भारतातील पहिला खेळ त्या संध्याकाळी काळा घोड्याजवळील वॉटसन हॉटेलात झाला. तिकीट एक रुपया होते आणि दाखविल्या गेल्या अवघ्या सहा लहान चित्रफिती. त्यांत राजे नव्हते, देव नव्हते. फलाटावर येणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, पाडली जाणारी भिंत अशी ती साधी दृश्ये होती. प्रेक्षकांना चमत्कार वाटला. अठ्ठावीस वर्षांच्या सावेदादांना मात्र त्यात आपल्या धंद्याची पुढची पायरी दिसली. ज्याने आजवर माणसांना स्थिर उभे करून टिपले होते, त्याला माणसे चालताबोलताना टिपण्याचे साधन हवेसे वाटू लागले.

त्यांनी इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्स या कंपनीकडून कॅमेरा मागविला. किंमत एकवीस गिनी, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने तीनशेहून अधिक रुपये. त्या काळातील मध्यम स्थितीच्या माणसाला ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. बरे, हे यंत्र शिकवील असा कोणी गुरू जवळपास नव्हता. कॅमेऱ्याची मूठ हाताने एका लयीत फिरवावी लागे. हात घाईत फिरला तर पडद्यावरची माणसे संथ होत, हात रेंगाळला तर ती धावू लागत. शिवाय फीत इतकी आखूड की मिनिटभरात खेळ आटोपे.

१८९९ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईच्या हँगिंग गार्डन्समध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती झाली आणि सावेदादांनी ती आपल्या कॅमेऱ्यात उतरविली. भारतीय माणसाने केलेल्या चित्रीकरणाच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत या कुस्तीची गणना होते. फीत धुण्याची सोय येथे नसल्याने ती लंडनला पाठवावी लागली. आपण टिपलेले चित्र उमटले आहे की नाही, हे कळावयास बोटीची वाट पाहत आठवडेच्या आठवडे काढावयाचे! मधल्या काळात त्यांनी चित्रे दाखविण्याचे यंत्रही मिळविले आणि परदेशातून आलेल्या चित्रफितींचे खेळ उघड्यावर तंबू ठोकून करण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी माकडांना खेळ शिकविणाऱ्या एका माणसावरही त्यांनी लहानशी चित्रफीत केली.

कुस्ती काय किंवा माकडाचा खेळ काय, हे विषय रस्त्यावरचे आणि मैदानातले होते, यात शंका नाही. परंतु कुस्तीची जागा नि वेळ आधी ठरलेली असते आणि माकडवाल्याला पुन्हा एकदा खेळ कर म्हणून सांगता येते. खरी कसोटी लागते ती जे एकदाच घडते ते टिपताना. तसा प्रसंग १९०१ च्या डिसेंबरात आला.

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीच्या बाजूला मुर्डी नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. सीनियर रँग्लर हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. परक्यांच्या राज्यात, परक्यांच्या विद्यापीठात, त्यांच्याच परीक्षेत कोकणातील मुलाने पहिले यावे, ही घटना केवळ एका घराच्या अभिमानाची नव्हती. आपण कशातही उणे नाही, हा दिलासा तिने एका पारतंत्र्यातील समाजाला दिला. रँग्लर परांजपे मायदेशी परतले तेव्हा मुंबईत त्यांचे मोठे स्वागत झाले, आणि त्या गर्दीत आपला कॅमेरा घेऊन सावेदादा उभे होते.

येथे स्टुडिओतले नियम चालत नाहीत. पाहुणा क्षणभर थांबत नाही, लोक वाट देत नाहीत, सूर्य हवा तेथे येत नाही. कोठे उभे राहावे, प्रकाश कोणत्या बाजूने येईल, हार घालणाऱ्यांच्या गराड्यात चेहरा दिसेल की नाही, आणि हाताशी असलेली मिनिटभराची फीत नेमकी केव्हा सुरू करावी, याचा निर्णय तेथल्या तेथे करावा लागतो. लवकर सुरू केली तर मुख्य क्षणाआधी फीत संपते. उशीर झाला तर क्षण निघून जातो. पुन्हा घडवून आणण्याची सोय नाही. आजच्या वृत्तछायाचित्रकाराची साधने कितीतरी सुधारली असली, तरी त्याच्या कामाचे मर्म तेच राहिले आहे. जगाने आपल्यासाठी थांबावे असा हट्ट सोडून, आपणच जगाच्या वाटेवर सज्ज उभे राहावे, हा धडा सावेदादांनी आपल्याकडे प्रथम गिरविला, असे म्हणावयास हरकत नाही.

रँग्लर परांजपे पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. लखनौ विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि ऑस्ट्रेलियातील भारताचे उच्चायुक्तपदही त्यांनी भूषविले. त्यांची नात सई परांजपे यांनी चित्रपट दिग्दर्शिका म्हणून नाव मिळविले, हाही एक सुखद योगायोगच म्हटला पाहिजे.

ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद असलेले सर मंचेरजी भावनगरी यांचे आगमन आणि पारशी समाजाचे आतश बेहराम हे विषयही सावेदादांनी १९०१ मध्येच हाताळले. लॉर्ड कर्झन यांनी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त भरविलेला दिल्ली दरबार १९०३ च्या जानेवारीत झाला. त्याचेही चित्रीकरण त्यांनी केले. मुंबईच्या स्टुडिओतून निघालेला हा मराठी माणूस हत्ती-घोड्यांच्या, राजे-महाराजांच्या त्या लवाजम्यात आपला कॅमेरा घेऊन पोहोचला, हे साहस लहान नव्हे. या कामात ते एकटे होते, असे मात्र आम्हांस सुचवावयाचे नाही. त्याच सुमारास कलकत्त्यात हिरालाल सेन याच वाटेने चालले होते आणि १९०५ च्या वंगभंगविरोधी चळवळीचे चित्रीकरण त्यांनी केले. देशाच्या दोन टोकांना दोन माणसांना एकाच वेळी एकच ध्यास लागावा, यातच त्या काळाची हाक दिसते.

काही वर्षांनी सावेदादांनी चित्रीकरण सोडले. त्यांचा कॅमेरा इतरांच्या हाती गेला आणि ते स्वतः मुंबईच्या गेईटी थिएटरचे व्यवस्थापक झाले. बोरीबंदरसमोरील हेच थिएटर पुढे कॅपिटॉल या नावाने ओळखले जाऊ लागले. १९५८ साली, वयाच्या नव्वदीच्या घरात, त्यांचे निधन झाले. तोवर बोलपट येऊन सत्तावीस वर्षे लोटली होती. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनची वार्तापत्रे मुख्य चित्रपटाआधी गावोगावी दाखविली जात होती. आपल्यापैकी अनेक वडीलधाऱ्यांनी ती पाहिली असतील. त्या परंपरेचे मूळ शोधीत गेल्यास आपण सावेदादांपाशी येऊन पोहोचतो.

दुर्दैव असे की सावेदादांच्या चित्रफिती आज पाहावयास मिळत नाहीत. जुनी नायट्रेटची फीत अत्यंत ज्वालाग्राही. ती जळते, नाहीतर कालांतराने आपोआप कुजते. हिरालाल सेन यांचा संग्रहही १९१७ साली आगीत नष्ट झाला. आपल्या देशाचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे सावेदादांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. ज्याने क्षण जपण्यासाठी एवढी पदरमोड केली, त्याचेच क्षण जपण्यास आपला समाज कमी पडला. रँग्लर परांजपे त्या दिवशी गर्दीतून कसे चालत आले असतील, लोकांचे चेहरे कसे उजळले असतील, हे आता केवळ कल्पनेनेच जाणावयाचे. टिपणाऱ्याचे काम त्याने चोख केले. राखणाऱ्याचे काम कोणी केले नाही.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हे चरित्र आठवण्याचे कारणही हेच. मुलखापासून दूर येऊन वसलेल्या मराठी माणसांचा इतिहास कोणी सरकारी दप्तरात लिहून ठेवीत नाही. पहिल्या गणेशोत्सवाचा लहानसा मांडव, दिवसभर नोकरी करून रात्री तालमी केलेल्या नाटकाचा प्रयोग, हळदीकुंकवाला जमलेल्या स्त्रिया, परीक्षेत यश मिळविलेल्या मुलांचा सत्कार, हे आपल्या परीने आपले रँग्लर परांजपेच आहेत. त्या त्या वेळी कोणीतरी हौशी सभासदाने ते टिपले असेल. ती छायाचित्रे आज कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या कपाटाच्या वरच्या खणात पडून असतील, आणि त्यांतील चेहऱ्यांची नावे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

वाचकांस आमची विनंती आहे की त्यांनी ती बाहेर काढावीत, मागे मऊ पेन्सिलीने साल, प्रसंग आणि नावे लिहावीत, आणि त्यांची एक प्रत मंडळाकडे द्यावी. ज्येष्ठांना शेजारी बसवून हे काम केल्यास दोन पिढ्यांची एक संध्याकाळही आनंदात जाईल. सावेदादांच्या स्मृतीला याहून उचित अभिवादन दुसरे कोणते असेल?