हुकूमतपनाह रामचंद्रपंत

निपाणी-बेळगाव भागातील जुन्या मराठी घरांना करवीर दरबार परका नाही. १७३१ च्या वारणेच्या तहाने वारणेपासून तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख करवीरच्या वाट्यास आला. त्या राज्याच्या आरंभी जो पुरुष उभा दिसतो, तो म्हणजे रामचंद्र नीळकंठ अमात्य.

चीनच्या बादशाहीत ग्रंथ पढून, परीक्षा देऊन कारभारी होत, आणि चुकल्या बादशहास सुनावणे हा त्यांचा धर्म मानीत. आपल्याकडे परीक्षा नव्हती. बापाचे पद मुलाकडे येई. निळो सोनदेवांचे हे चिरंजीव १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी ऐन तारुण्यात अमात्य होते. पुढे १६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले, राजाराम महाराज जिंजीस गेले, तेव्हा मागे राहिलेला मुलूख पंतांच्या हाती आला. हुकूमतपनाह हा किताब त्या वेळचा. विशाळगडावरून त्यांनी कारभार हाकला.

खरा पेच पुढचा आहे. १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आले. ताराबाईंना दिलेला शब्द आणि शाहूंचा हक्क यांच्या कात्रीत सापडून शंकराजी नारायण सचिवांनी प्राणत्याग केला. पंत ताराबाईंकडेच राहिले. पण १७१४ मध्ये पन्हाळ्यावर त्याच ताराबाई पुत्रासह कैदेत पडल्या व राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर बसले. या उलथापालथीत पंतांचा हात होता, असेच बहुतेक इतिहासकार मानतात.

आणि त्यानंतर, १७१५ च्या सुमारास, 'आज्ञापत्र' सिद्ध झाले! ते नव्या राजाच्या नावे असले तरी पंतांचेच म्हणून ओळखले जाते. गड, आरमार, सावकार, टोपीकर या साऱ्यांचा त्यात विचार आहे. मला आवडतो तो झाडांचा. आरमारासाठी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत. लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. जीर्ण झाड घेणे भागच पडले, तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे. तीस-चाळीस वर्षे रयतेत वावरलेल्या माणसालाच हे सुचते.

चाकरीच्या मोबदल्यात वतने वाटू नयेत, त्याने राज्य पोखरते, असेही त्यात बजावले आहे. दरबारी गवयाचा मुलगा म्हणून मला हा सल्ला जरा बोचतो. आमच्या घरची चूल एके काळी दरबारच्या कृपेवरच पेटे. पण स्वतः पंतांच्या वंशाकडेही बावड्याची जहागीर पिढ्यान्‌पिढ्या चाललीच की! याला मी दांभिकपणा म्हणणार नाही. वतनाची ओढ किती चिवट असते, हे पंतांनी घरातच पाहिले असावे.

पंत १७१६ मध्ये पन्हाळ्यावर वारले. त्यांची समाधी तेथेच आहे. ताराबाई मात्र कैदेतून सुटून साताऱ्यास गेल्या आणि १७६१ पर्यंत जगल्या.