किंमत आवाजाची की पेटीची?

ध्वनिक्षेपकांची एक जोडी पाच-सात हजारांत मिळते आणि दुसरीला चाळीस लाख मोजावे लागतात, हे कळलं की माझ्यातला निवृत्त बँक अधिकारी जागा होतो. तारण म्हणून पुढे आलेल्या वस्तूची किंमत वेगळी आणि तिचं मूल्य वेगळं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. आवाजाच्या बाबतीत हा हिशेब मांडण्याचा अधिकार मी ज्यांना देईन, ते गृहस्थ यॉर्कशरचे: गिल्बर्ट ब्रिग्ज.

१८९० साली ब्रॅडफर्डजवळ जन्मलेले ब्रिग्ज अभियंते नव्हते. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. तिथल्या कापडव्यापारात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पियानोवर मात्र त्यांचा विलक्षण जीव, आणि त्या काळच्या रेडिओतून पियानो डबा बडवल्यासारखा ऐकू येई. १९३२ साली, जगभर मंदी असताना, चाळिशी उलटलेल्या या माणसाने इल्कली गावातल्या राहत्या घराच्या तळघरात ध्वनिक्षेपक बनवायला घेतले. व्हार्फ नदीच्या खोऱ्यावरून धंद्याचं नाव पडलं व्हार्फडेल.

ध्वनिक्षेपक ही तशी साधी वस्तू. लोहचुंबक, त्यात तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला कागदाचा शंकू. वेटोळ्यातून वीज फिरली की शंकू हलतो आणि हवा हलवतो. अडचण पेटीची. शंकूबरोबर लाकडी पेटीही थरथरते आणि गाण्यात आपला सूर मिसळते. यावर ब्रिग्ज यांनी काढलेला उपाय एखाद्या गवंड्याला सुचावा असा होता. प्लायवूडचे दोन तक्ते घ्यायचे आणि मधल्या पोकळीत कोरडी वाळू भरायची. वाळू थरथर गिळून टाकते. खोलीच्या कोपऱ्यात विटा रचून पेटी बांधण्याचा प्रयोगही त्यांनी सांगितला. वाळूला आणि विटेला असा किती पैसा लागतो?

हे ज्ञान त्यांनी धंद्याचं गुपित म्हणून दडवलं नाही. १९४८ साली त्यांनी ध्वनिक्षेपकांवर पुस्तक लिहिलं, ते सामान्य माणसाला कळेल अशा खुसखुशीत भाषेत, आणि पुढेही लिहीत राहिले. गिऱ्हाइकाला शहाणं करून सोडणारा कारखानदार मी तरी नोकरीत फारसा पाहिला नाही.

मग त्यांनी आपला माल उघड्यावर तपासायला ठेवला. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, सुमारे तीन हजार आसनांच्या सभागृहात, त्यांनी प्रयोग लावला. मंचावर खरे वादक आणि शेजारी त्यांचे ध्वनिक्षेपक. आधी वादक वाजवी, मग ध्वनिमुद्रण लागे आणि श्रोत्यांनी फरक ओळखायचा. सोबतीला क्वाड कंपनीचे पीटर वॉकर आणि त्यांचे अ‍ॅम्प्लिफायर. पुढच्याच वर्षी हाच प्रयोग न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झाला.

या आयुष्यातून मी काढलेला हिशेब असा. स्वस्तातल्या स्वस्त ध्वनिक्षेपकापासून मध्यम किमतीपर्यंत जाताना प्रत्येक जादा रुपया कानाला कळतो. मोठा शंकू, जड चुंबक आणि न हलणारी पेटी यांना खरोखरच खर्च येतो. खर्जाचे सूर फुकट मिळत नाहीत. पण त्यानंतर किंमत दुप्पट झाली म्हणून आवाज दुप्पट चांगला होत नाही. पुढचा बराच पैसा लाकडाच्या झिलईत, नावात आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय रिकाम्या भिंतींच्या, फरशीच्या खोलीत चाळीस लाखांचा ध्वनिक्षेपकही घुमतो. जाड पडदे आणि सतरंजी तिथे अधिक काम करतात. त्यात वयाचा भाग आहेच. तरुण कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. माझ्या वयात बारा हजारांच्या आसपास ऐकू आलं तरी खूप. न ऐकू येणाऱ्या सुरांसाठी भविष्यनिर्वाह निधी मोडणं हा व्यवहार मी कुणाला मंजूर करणार नाही.

१९५८ साली ब्रिग्ज यांनी कंपनी रँक समूहाला विकली. त्यांच्याकडे तंत्रप्रमुख असलेल्या रेमंड कुक यांनी १९६१ साली केईएफ ही स्वतःची कंपनी काढली. १९७८ साली ब्रिग्ज वारले. व्हार्फडेल हे नाव आज चीनमध्ये कारखाने असलेल्या एका समूहाच्या मालकीचं आहे आणि त्या नावाचे स्वस्त ध्वनिक्षेपक अजून विकले जातात.

खरेदीला निघालेल्या वाचकाने एवढंच करावं. पाठ असलेलं एखादं गाणं बरोबर न्यावं. स्वस्त आणि महाग, दोन्ही जोड्या सारख्याच मोठ्या आवाजात लावायला सांगाव्यात, कारण जी जोडी मोठ्याने वाजते ती उगाचच चांगली वाटते आणि काही विक्रेत्यांना हे ठाऊक असतं. डोळे मिटून ऐकावं. फरक कळला तर खुशाल पैसे मोजावेत. कळला नाही, तर उरलेल्या पैशांत मैफलींची तिकिटं काढावीत.