स्वस्त औषधाची न चुकविलेली किंमत

विसाव्या शतकातील ब्रिटिश वैद्यकविश्वात सर चार्ल्स डॉड्स यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाई. १८९९ साली लिव्हरपूल येथे जन्मलेले डॉड्स लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात शिकले आणि ऐन पंचविशीत तेथेच जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. स्त्रीसंप्रेरके त्या काळी प्राण्यांच्या ग्रंथींतून वा मूत्रातून मोठ्या कष्टाने मिळवावी लागत. साहजिकच ती महाग होती. साध्या कृत्रिम रसायनाकडून तेच कार्य करून घेता येईल काय, हा डॉड्स यांचा ध्यास होता.

१९३६ साली त्यांनी बिस्फेनॉल-ए या रसायनात संप्रेरकाचा सौम्य गुण असल्याचे दाखविले. हेच रसायन पुढे प्लॅस्टिक उद्योगाचा कच्चा माल बनले. १९३८ साली ऑक्सफर्डमधील सहकाऱ्यांसह त्यांनी स्टिलबेस्ट्रॉल सिद्ध केले. ते स्वस्त होते, प्रभावी होते आणि पोटात घेता येत होते. सार्वजनिक पैशातून झालेल्या या संशोधनाचे पेटंट घेण्यात आले नाही. हेतू उदात्त होता. परंतु ज्या शोधाला धनी नाही त्याला राखणदारही नसतो, हे लवकरच दिसून आले.

हे द्रव्य प्राण्यांमधील प्रारंभीची गर्भधारणा खंडित करते, हे डॉड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ मध्येच नोंदविले होते. तरीही अमेरिकेत गर्भपात टाळण्याचे औषध म्हणून ते लक्षावधी गर्भवतींना देण्यात आले. ते त्या कामी निरुपयोगी असल्याचे १९५३ साली शिकागो येथील चाचणीत सिद्ध झाले; पण पुढच्याच वर्षी ते गुरांच्या खाद्यात आले. १९७१ साली अशा मातांच्या तरुण मुलींमध्ये एक दुर्मिळ कर्करोग आढळला. डॉड्स १९७३ साली निवर्तले.

त्यांच्या पश्चात या प्रश्नाने पाण्याची वाट धरली. पोटात सहजी नष्ट न होणे हा अशा औषधाचा गुण. तोच सांडपाण्यात त्याचा दोष ठरतो. एथिनिल एस्ट्राडायॉल हे दुसरे कृत्रिम संप्रेरकही १९३८ सालचेच, बर्लिनमध्ये सिद्ध झालेले. ते गर्भनिरोधक गोळ्यांत आले. १९९० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील नद्यांत, सांडपाणी मिसळते त्या ठिकाणी, नर माशांच्या रक्तात मादीचे अंडप्रथिन आढळले. कॅनडातील एका प्रायोगिक तलावात लिटरमागे अवघे पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे पाच-सहा अब्जांश, एवढे संप्रेरक २००१ ते २००३ या काळात मिसळताच तेथील एका जातीचे लहान मासे जवळजवळ नामशेष झाले.

औषधाची बाजारातील किंमत उत्पादकाचा खर्च सांगते. नदीचा खर्च सांगत नाही. तो खर्च प्रवाहाच्या खालच्या गावांवर पडतो, आणि त्या गावांना खरेदी-विक्रीत स्थानच नसते. सांडपाण्यातील असे अंश काढण्याच्या वाढीव खर्चापैकी किमान ८० टक्के भार औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांनी उचलावा, अशी तरतूद युरोपीय संघाने २०२४ साली संमत केली. डॉड्स यांनी आपल्या शोधाचे मोल घेतले नाही. त्या शोधाचे मोल कोणी द्यावे, हा हिशेब मात्र त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने कोठे मांडला जाऊ लागला.