गाल्वाचं सबमिशन

कोडिंग थिअरी ज्यांनी पास केलीय, आणि ज्यांची त्यात केटी आहे त्यांनीही, ‘गॅलॉइस फील्ड’ हा शब्द नक्की ऐकला असेल. पेपरच्या आदल्या रात्री आपण त्याची टेबलं पाठ करतो, सकाळी पेपरात उतरवतो आणि दुपारी विसरतो. हा गॅलॉइस कोण होता हे विचारायला कुणाला वेळ असतो? मुळात त्याचा उच्चारच गॅलॉइस नाही. माणूस फ्रेंच, त्यामुळे उच्चार गाल्वा. एव्हारिस्त गाल्वा. तो गेला तेव्हा फक्त वीस वर्षांचा होता, म्हणजे आज असता तर टीईच्या मागच्या बाकावर बसला असता. इंजिनिअरिंगच्या एन्ट्रन्सला दोनदा नापास झालेला, दुसऱ्या कॉलेजातून काढून टाकलेला आणि तुरुंगात जाऊन आलेला मुलगा.

एवढं सांगितलं की कट्ट्यावर कुणीतरी लगेच म्हणणार, बघा, सिस्टीमने एका जीनियसचा कसा बळी घेतला! गोष्ट इतकी सरळ नाही, म्हणून तर ती सांगावीशी वाटते.

गाल्वाचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ चा, पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन गावातला. वडील उदारमतवादी, गावात मान असलेले आणि १८१५ पासून गावचे महापौर. आई शिकलेली. बारा वर्षांचा होईपर्यंत तिनेच त्याला घरी लॅटिन आणि ग्रीक शिकवलं. १८२३ साली तो पॅरिसच्या लुई-ल-ग्रां या नामवंत शाळेच्या बोर्डिंगमध्ये दाखल झाला. शिस्त अशी की तिच्यापुढे आपलं होस्टेल म्हणजे मामाचं गाव. सुरुवातीला त्याने बक्षिसंही मिळवली. मग साहित्याच्या वर्गातून त्याचं लक्ष उडालं आणि १८२७ च्या सुरुवातीला त्याला एक वर्ग खाली पाठवण्यात आलं.

हे खाली बसणं त्याच्या पथ्यावर पडलं. जुनाच अभ्यास परत असल्यामुळे हाताशी वेळ आला आणि तो गणिताच्या वर्गात जाऊन बसला. तिथे लजांद्रचं भूमितीचं पुस्तक त्याच्या हाती लागलं. ते त्याने कादंबरीसारखं वाचून काढलं असं सांगतात. त्यानंतर शाळेची बीजगणिताची पुस्तकं त्याला पचेनात आणि त्याने थेट लाग्रांजचे मूळ ग्रंथ उघडले. इथे जरा थांबा. गाल्वाला ‘स्वप्नाळू’ म्हणायची पद्धत आहे. शाळेतल्या शिक्षकांनीसुद्धा तो विक्षिप्त आहे, बाकी विषयांत काही करत नाही असे शेरे मारले होते. पण हा स्वप्नाळू मुलगा सोळाव्या वर्षी त्या काळातलं सगळ्यात अवघड गणित मुळातून वाचत होता. वर्गात खिडकीबाहेर बघणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला गाल्वा समजण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

त्याचं स्वप्न एकच होतं, एकोल पॉलितेक्निक. १७९४ साली निघालेली ही संस्था म्हणजे तेव्हाच्या फ्रान्समधली आयआयटीच समजा. आपल्या पुस्तकांतली निम्मी नावं तिथलीच आहेत. कार्नो सायकलचा कार्नो, नेव्हिए-स्टोक्समधला नेव्हिए, कोरिऑलिस, पॉयसन्स रेशोवाला पॉयसन (खरा उच्चार प्वासाँ), आणि मॅथ्समध्ये पावलोपावली छळणारा कोशी, हे सगळे तिथलेच विद्यार्थी. १८२८ मध्ये गाल्वाने तयारीचा खास वर्ग न करताच, एक वर्ष आधी परीक्षा दिली आणि तो नापास झाला.

पुढच्या वर्षी त्याला रिशार नावाचे गणिताचे शिक्षक मिळाले. या लेखात मला सगळ्यात आवडणारा माणूस कुठला असेल तर तो हाच. रिशार सरांनी स्वतः मोठं संशोधन केलं नाही. पण समोर काय बसलंय ते त्यांना पहिल्या काही आठवड्यांत कळलं, आणि या मुलाला परीक्षेशिवाय पॉलितेक्निकमध्ये घ्यावं असं ते म्हणू लागले. एप्रिल १८२९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, गाल्वाचा पहिला पेपर एका गणिती नियतकालिकात छापून आला.

मग आलं पहिलं सबमिशन. दुसऱ्या घाताच्या समीकरणाचं सूत्र आपण दहावीतच शिकतो. तिसऱ्या आणि चौथ्या घाताची सूत्रं इटलीतल्या लोकांनी सोळाव्या शतकात शोधली. पाचव्या घातासाठी असं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही हे नॉर्वेच्या आबेलने १८२४ मध्ये दाखवलं. गाल्वाचा प्रश्न याच्या पुढचा होता. कुठलंही एखादं समीकरण दिलं, तर ते मुळांच्या चिन्हांनी सुटेल की नाही हे ओळखायचं कसं? आकडेमोड न करता त्याने समीकरणाच्या उत्तरांकडे पाहिलं. उत्तरांची आपापसांत अदलाबदल केली तर कुठले संबंध तसेच टिकतात? या अदलाबदलींचा जो समूह तयार होतो, त्याच्या रचनेतच समीकरण सुटण्याचं रहस्य आहे हे त्याने दाखवलं. आज ज्याला ग्रुप थिअरी म्हणतात तिचा पाया इथे पडला. हे काम त्याने १८२९ च्या मे-जूनमध्ये फ्रान्सच्या अकादमीकडे पाठवलं आणि ते तपासायला कोशीकडे गेलं. कोशीने ते हरवलं असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. पण जानेवारी १८३० मधलं कोशीचं एक पत्र पुढे सापडलं. त्यात तो त्या कामाविषयी अकादमीत बोलणार होता, पण तब्येतीमुळे येऊ शकत नाही असं कळवतो. पुढच्या बैठकीत त्याने दुसरंच काहीतरी वाचलं. गाल्वाचा विषय राहिला तो राहिलाच.

त्याआधीच घरी वीज कोसळली होती. गावात नवीन आलेल्या पाद्र्याने गाल्वाच्या वडिलांच्या नावावर खोट्या, बदनामीकारक कविता पसरवल्या. वडिलांना ते सहन झालं नाही आणि २ जुलै १८२९ रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पॉलितेक्निकची दुसरी परीक्षा होती, आणि दोनापेक्षा जास्त संधी मिळत नसत. फळ्यापाशी उभं राहून तोंडी उत्तरं द्यायची, म्हणजे आपली ओरलच. गाल्वाची सवय अशी की मधल्या पायऱ्या मनातच करायच्या आणि फळ्यावर थेट शेवट लिहायचा. परीक्षकाने खुलासा विचारला की याला वाटायचं, यात विचारण्यासारखं आहे काय? वैतागून त्याने परीक्षकाच्या अंगावर डस्टर फेकलं अशी दंतकथा आहे. ती मजेदार आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. नापास झाला हे मात्र खरं.

आता बोला, चूक कुणाची? सतरा-अठरा वर्षांच्या, नुकताच बाप गेलेल्या मुलाला समजून घेण्याइतका परीक्षक मोठा नव्हता हे मान्य. पण पायऱ्या मागणं हा काही गुन्हा नव्हता. आपल्याकडे ‘स्टेप्सना मार्क असतात’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की पायरी ही फक्त मार्कांसाठीच असते असं वाटायला लागतं. मग कुणी पाठ केलेल्या पायऱ्या लिहितो, कुणी सिनिअरच्या जर्नलमधून उतरवतो, आणि ज्याला खरंच कळलंय तो चिडून लिहीतच नाही. समोरच्या माणसाला हात धरून आपल्याबरोबर नेण्यासाठी पायरी असते, हे तिघांच्याही डोक्यात येत नाही. माझ्या मते गाल्वाच्या आयुष्यातली खरी शोकांतिका द्वंद्वयुद्धाची नसून हीच आहे, कारण ती पुन्हा एकदा झाली.

पॉलितेक्निक बंद झाल्यावर तो शिक्षक तयार करणाऱ्या एकोल नॉर्मालमध्ये गेला (तेव्हा तिचं नाव एकोल प्रेपारात्वार होतं). फेब्रुवारी १८३० मध्ये दुसरं सबमिशन, अकादमीच्या मोठ्या बक्षिसासाठी. या वेळी हस्तलिखित गेलं फूरिएकडे. हो, तोच, फूरिअर सिरीजवाला. मे महिन्यात फूरिए वारला आणि त्याच्या कागदांत गाल्वाचं हस्तलिखित सापडलंच नाही. बक्षीस आबेल आणि जाकोबी यांना मिळालं. आबेल तर आदल्याच वर्षी, सव्वीसाव्या वर्षी, क्षयाने गेला होता.

त्याच १८३० साली गाल्वाने संख्यांवर एक छोटासा पेपर छापला. आपल्या सिलॅबसमध्ये तो आला तो या पेपरमुळे. समजा, आपल्याकडे शून्य आणि एक एवढ्या दोनच संख्या आहेत आणि एक अधिक एक बरोबर शून्य. ओळखीचं वाटलं? बेरीज म्हणजे एक्सॉर गेट, गुणाकार म्हणजे अँड गेट. आता क्ष वर्ग अधिक क्ष अधिक एक बरोबर शून्य हे समीकरण घ्या. क्ष च्या जागी शून्य घाला, उत्तर एक. एक घाला, तरी उत्तर एक. म्हणजे या दुनियेत समीकरणाला उत्तरच नाही. गाल्वा म्हणाला, नसेना का, आहे असं धरून चालू. ऋण एकचं वर्गमूळ ‘आहे’ असं धरतात, तसंच. त्या कल्पित उत्तराला घेऊन दोनाची दुनिया चार संख्यांची होते, आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं चोख चालतं. असंच दुसऱ्या समीकरणांनी वाढवत गेलं की २५६ संख्यांची दुनिया मिळते, म्हणजे नेमका एक बाईट. चरे पडलेली सीडी वाजायची ती या गणितावर. चहाच्या टपरीवरचा डागाळलेला क्यूआर कोड स्कॅन होतो तो याच गणितावर, आणि एईएस एन्क्रिप्शनही त्याच २५६ संख्यांत चालतं. स्वप्न बघणं म्हणतात ते मला इथे दिसतं. नसलेली गोष्ट आहे असं धरायचं आणि मग तिचे नियम शेवटपर्यंत प्रामाणिकपणे पाळायचे.

जुलै १८३० मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली. पॉलितेक्निकची पोरं रस्त्यावर लढत होती. नॉर्मालच्या संचालकांनी मात्र फाटकं बंद करून मुलांना आत कोंडून ठेवलं. गाल्वाने भिंत चढायचा प्रयत्न केला म्हणतात. राजा बदलला तसे संचालकही रंग बदलून नव्या राजाचे झाले. डिसेंबरमध्ये एका वृत्तपत्रात त्यांचं वाभाडं काढणारं पत्र आलं आणि गाल्वाची हकालपट्टी झाली. बाकीच्या बऱ्याच मुलांनी संचालकांची बाजू घेतली. कॉलेजात असं झालं की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको.

काढून टाकल्यावर या एकोणीस वर्षांच्या मुलाने काय केलं असेल? १८३१ च्या जानेवारीत एका पुस्तकाच्या दुकानात बीजगणिताचा जाहीर क्लास सुरू केला! तो फार दिवस टिकला नाही. त्याच महिन्यात तिसरं सबमिशन, प्वासाँच्या सांगण्यावरून. जुलैमध्ये प्वासाँचा अहवाल आला. मांडणी पुरेशी स्पष्ट नाही, पुरेशी उलगडून दाखवलेली नाही, त्यामुळे ती बरोबर आहे की नाही हे ठरवता येत नाही असा त्याचा सूर होता, आणि लेखकाने सगळं काम एकत्र प्रसिद्ध करावं असंही त्यात सुचवलं होतं. चिडण्यासारखं आहेच. पण हा अहवाल खोटा नव्हता. पायऱ्या पुन्हा मनातच राहिल्या होत्या.

अहवाल त्याच्या हाती पडला तेव्हा तो तुरुंगात होता. मेमध्ये एका मेजवानीत हातात चाकू घेऊन त्याने राजाच्या नावाने पेला उंचावला होता. त्या खटल्यातून तो सुटला, पण १४ जुलैला बंदी असलेल्या तोफखान्याच्या गणवेशात पकडला गेला आणि त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. मार्च १८३२ मध्ये पॅरिसमध्ये कॉलरा पसरला म्हणून त्याला एका दवाखान्यात हलवलं. तिथे स्तेफानी नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडला आणि तिने नकार दिला. एप्रिलअखेर सुटका झाली आणि ३० मेच्या सकाळी पिस्तुलांचं द्वंद्व झालं. पोटात गोळी. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये धाकटा भाऊ आल्फ्रेड जवळ असताना तो गेला.

आदल्या रात्री त्याने सगळं गणित लिहून काढलं ही कथा फार लोकप्रिय आहे. पेपरच्या आदल्या रात्री सिलॅबस उरकणाऱ्या आपल्या जमातीला तर ती फारच आवडते. खरं तर मुख्य काम तीन वर्षांपासून अकादमीच्या टेबलांवरून फिरत होतं. त्या रात्री त्याने जुन्या हस्तलिखितात दुरुस्त्या केल्या, एका ठिकाणी सिद्धता पुरी करायची आहे पण वेळ नाही अशा अर्थाचं समासात लिहिलं, आणि मित्र ओग्युस्त शव्हालिएला लांबलचक पत्र लिहून गाउस किंवा जाकोबीचं मत घ्यायला सांगितलं.

शव्हालिए आणि आल्फ्रेड यांनी सगळे कागद गोळा केले, सुवाच्य अक्षरात उतरवले आणि पाठवत राहिले. अकरा वर्षं काही घडलं नाही. १८४३ मध्ये लिऊव्हिलने अकादमीत जाहीर केलं की या कागदांत खरंच काहीतरी आहे, आणि १८४६ मध्ये स्वतःच्या नियतकालिकात ते छापले. मनातल्या मनात राहिलेल्या पायऱ्या एकेक करून भरून काढायला त्याला बराच घाम गाळावा लागला. लिऊव्हिल तेव्हा पॉलितेक्निकमध्ये प्रोफेसर होता.

रिशार सरांनी गाल्वाच्या वर्गातल्या वह्या आणि उत्तरपत्रिका टाकून दिल्या नव्हत्या. काही वर्षांनी त्याच शाळेत त्यांच्या वर्गात एर्मित नावाचा मुलगा आला. मॅट्रिक्सच्या धड्यात आपण ज्याला हर्मिट म्हणतो, तोच. हाही परीक्षेच्या अभ्यासात कच्चा आणि लाग्रांजची पुस्तकं वाचत बसणारा. रिशार सरांनी ते कागद त्याच्याकडे दिले.