कर्मवीर भाऊराव पाटील : मानाच्या पलीकडील सेवा

जैन दर्शनात क्रोध, मान, माया व लोभ हे चार कषाय सांगितले आहेत. त्यांपैकी क्रोध व लोभ सहज ओळखू येतात. मान मात्र पुष्कळदा सेवेचे वस्त्र पांघरून येतो. शिक्षक, वैद्य, परिचारिका, वसतिगृहाचे अधीक्षक अशा, इतरांना सांभाळणे हेच ज्यांचे काम आहे त्यांना, आपल्या श्रमाची दखल घेतली जावी असे वाटणे अस्वाभाविक नाही. परंतु ही साधी अपेक्षा कोठे संपते आणि मानाची तहान कोठे सुरू होते, हे ओळखणे कठीण असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र या बाबतीत दीपस्तंभासारखे आहे.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी घराण्यात झाला. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते. शिक्षणासाठी कोल्हापुरास आल्यावर भाऊराव दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. त्या वेळी बोर्डिंगची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. पुढे 1914 मधील डांबर प्रकरणात याच लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी तुरुंगात अतोनात छळ सोसला. परंतु खोटी साक्ष दिली नाही. ज्यांच्या काळात आपणास बोर्डिंगबाहेर जावे लागले, त्यांच्यासाठी सोसलेल्या या यातनांचे मोल त्यांनी कधी मागितले नाही.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 1924 मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकाच पंक्तीस जेवू लागली. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली. त्याचे नाव श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे ठेवण्यात आले.

या मुलांची खरी सांभाळणारी मात्र स्वयंपाकघरात होती. भाऊरावांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या होत्या. ते संस्कार बाजूस ठेवून त्यांनी परक्यांच्या लेकरांना पोटच्या मुलांप्रमाणे जवळ केले. मुले आजारी पडली की उशाशी बसणे, धान्य संपले की तजवीज करणे हे त्यांचे नित्याचे काम होते. अडचणीच्या काळी एकेक करून अंगावरील दागिने गेले; अखेर सौभाग्यलेणे असलेले मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी खर्ची पडले. या कामास वेतन नव्हते, पद नव्हते की सत्कार नव्हता. 1930 मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. पुढील काळातील शाळा-महाविद्यालयांचा विस्तार पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. आज रयतमाउली म्हणून त्यांचे आदराने स्मरण केले जाते. पण हा मान त्यांच्या कानी कधी पडला नाही.

भाऊरावांनी उभारलेल्या संस्थांची नावे पाहिली तरी त्यांची वृत्ती ध्यानात येते. 1940 चे महाराजा सयाजीराव हायस्कूल, 1947 चे छत्रपती शिवाजी कॉलेज, 1954 चे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज यांपैकी कशालाही त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. मूळ संस्थेचे नावही रयतेचेच. मोठ्या देणगीच्या मोबदल्यात शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याची सूचना एका धनिकाने केली असता ती त्यांनी तत्काळ धुडकावल्याची आठवण रयत परिवारात आजही सांगितली जाते. मुलांच्या भुकेसाठी दारोदार हात पसरणाऱ्या या पुरुषाला पैशाची गरज नव्हती असे नाही. परंतु दिलेले नाव त्यांच्या लेखी विक्रीची वस्तू नव्हते.

त्यांना सन्मान मिळाले नाहीत असेही नाही. जनतेने त्यांना कर्मवीर ही पदवी दिली. 1959 मध्ये पद्मभूषण व पुणे विद्यापीठाची डी. लिट. हे बहुमान लाभले आणि त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांनी देह ठेवला. चाळीस वर्षांचे कार्य या सन्मानांची वाट पाहत थांबले नव्हते. ते आले तेव्हा त्यांनी स्वीकारले. आले नसते तरी वसतिगृहातील चूल विझली नसती.

या चरित्राचा बोध दुहेरी आहे. सेवा करणाऱ्याने मानाची आस धरू नये, हे खरेच. परंतु निरपेक्षतेचा हा आदर्श पुढे करून समाजाने सेवकाला विसरावे, असा त्याचा अर्थ नव्हे. लक्ष्मीबाईंनी काही मागितले नाही, म्हणून त्यांचे ऋण कमी होत नाही. उलट ते वाढते. मान न मागणे हा सेवकाचा धर्म, तर न मागता कृतज्ञ राहणे हा समाजाचा धर्म. आजही कोठेतरी एखादी परिचारिका रात्रभर रुग्णाच्या उशाशी जागत असेल, एखादी स्वयंपाकीण पहाटे वसतिगृहाची चूल पेटवीत असेल. कोनशिलेवर त्यांची नावे नसतात. ती आपल्या स्मरणात असावीत, हेच या दांपत्यास खरे अभिवादन ठरेल.